दुसरी मोटर चालू झाली आणि पहिलीचा काटा खाली आला

"वहिनी, आता दुसरी मोटर टाकतो. तुम्ही पहिलीच्या मीटरवर नजर ठेवा," आमच्या उपसा स्कीमचा ऑपरेटर म्हणाला. त्यानं स्टार्टरचं बटण दाबलं, दुसऱ्या मोटरीनं सूर धरला, तो डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह सावकाश उघडत गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत पहिल्या मोटरीचा ॲम्पिअरचा काटा 50 च्या पुढून घसरत घसरत 45 च्या अलीकडे येऊन थांबला. पहिल्या मोटरीला कुणी हात लावला नव्हता! व्होल्टमीटरचा काटा जागचा हलला नव्हता. शेजारी दुसरी मोटर चालू झाली, एवढंच काय ते घडलं होतं, आणि पहिलीनं वीज कमी घ्यायला सुरुवात केली.

मी विचारलं, "हिचं काम हलकं झालं का?"

"हलकं झालं म्हणजे काय, ती आता पाणीच कमी फेकतीय."

हे वाक्य मी ऐकलं आणि त्या संध्याकाळपासून मला दुसरं काही सुचेनासं झालं आहे. मी कॉलेजात गणित शिकवते. फळ्यावर दरवर्षी अन्वस्त काढते. अक्ष, शिरोबिंदू, छेदनबिंदू, सगळं मुलांकडून घोकून घेते. आणि नदीकाठच्या एका तेलकट पंपघरात दोन अन्वस्त एकमेकांना छेदत उभे आहेत, त्यांच्या छेदनबिंदूवर आमच्या उसाचं पाणी ठरतं आहे, हे मला आत्ता कळतंय! आता जो भेटेल त्याला मी ही गोष्ट सांगत सुटले आहे. तुम्हालाही सांगते.

आमच्या भागात, म्हणजे सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठाला, उपशाची स्कीम काही नवलाची नाही. नदीकाठी जॅकवेल, तिच्यावर पंपघर, तिथून चढावर निघालेली दाबाची पाइपलाइन, वर डिलिव्हरी चेंबर आणि पुढं पाटानं शेतोशेत पाणी. ज्या जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली, तिथं पंपाची माहिती घरोघरी असते. पाणी कमी पडायला लागलं की बैठकीत पहिली मागणी ठरलेली: आणखी एक मोटर बसवा. एका मोटरीला इतकं पाणी, मग दोन मोटरींना दुप्पट.

वरच्या चेंबरमध्ये पोलादी पत्र्यात व्ही आकाराची खाच कापलेली आहे. तिला सगळे नॉचच म्हणतात. तिच्यातून पाणी किती उंचीनं वाहतंय ते मोजलं की सेकंदाला किती लिटर येतंय ते काढता येतं. अशा काटकोनी खाचेत प्रवाह त्या उंचीच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. (अडीचावा घात! खाच वर रुंद होत जाते आणि उंचीबरोबर पाण्याचा वेगही वाढतो, म्हणून.) एक मोटर चालू असताना पाणी साधारण साडेसव्वीस सेंटिमीटरवर होतं, म्हणजे सेकंदाला 50 लिटर. दोन्ही चालू झाल्यावर ते चढलं, पण एकोणतीसच्या जरासंच वर गेलं. दुप्पट पाणी यायला ते पस्तीसवर जायला हवं होतं. हिशेब केला तर सेकंदाला 63 लिटर. मांडायला सोपं जावं म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत, पण गोष्ट तीच राहते: दुसऱ्या 50 लिटरच्या पंपानं फक्त 13 लिटर जास्त दिले!

मग बाकीचे 37 गेले कुठं?

कुठंच गेले नाहीत. ते नदीतून उचललेच गेले नाहीत. दोन्ही पंप मिळून 63 देतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला साडेएकतीस आले. एकट्यानं 50 देणारा पंप जोडीदार आला की साडेएकतीसवर उतरतो. तो काटा खाली आला तो यामुळंच.

आता अन्वस्तांकडं येते, कारण खरा आनंद इथं आहे. पंप "सेकंदाला अमुक लिटर" असं काही ठरवून बाहेर पडत नाही. मला वाटतं सगळ्या गावाची समजूत इथं अडते. सेंट्रिफ्यूगल पंप, म्हणजे आपला नेहमीचा फिरत्या इंपेलरचा पंप, समोर जितका विरोध तितकं पाणी कमी देतो. व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवला तर तो जास्तीत जास्त उंचीचा दाब धरतो आणि पाणी शून्य देतो. विरोध कमी होत गेला की पाणी वाढतं आणि दाब उतरतो. या उतरत्या वक्राला कंपनीच्या कागदावर पंपाचा कर्व्ह म्हणतात. आमच्या पंपासाठी मी तो असा धरला: बंद व्हॉल्व्हला 60 मीटर आणि 50 लिटरला 45 मीटर. मधे खाली वाकलेला अन्वस्त.

दुसरा अन्वस्त पाइपलाइनचा. नदीच्या पातळीपासून चेंबरपर्यंतची उभी चढण 30 मीटर. एक थेंब चढवायचा असो की लाख लिटर, ही 30 मीटर भरावीच लागतात. त्यावर घर्षण. आमची पाइप आतून 200 मिलिमीटरची, गावच्या भाषेत आठ इंची, आणि लांबी दीड किलोमीटरला थोडी कमी. तिच्यातून 50 लिटर जाताना 15 मीटर दाब नुसता घासण्यात खर्च होतो. आणि हे घर्षण पाण्याच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पाणी दुप्पट केलं तर घर्षण चौपट, म्हणजे 60 मीटर! चढणीचे 30 मिळवले तर 90 मीटर. आपल्या पंपाची तर पूर्ण ताकद लावूनही मजल 60 ची. शंभर लिटर येणार कसे?

कागदावर दोन्ही वक्र काढले. पंपाचा वक्र वरून खाली येतो, पाइपलाइनचा 30 पासून वर चढतो, आणि जिथं ते छेदतात तिथं 50 लिटर, 45 मीटर. एका मोटरीचा मुक्काम तो. दोन पंप समांतर जोडले की प्रत्येक दाबाला पाणी दुप्पट धरायचं, म्हणजे पंपांचा वक्र आडवा ताणला जातो. पाइपलाइनचा वक्र मात्र तसूभरही हलत नाही, कारण पाइप तीच आहे! छेदनबिंदू पाइपलाइनच्या वक्रावरून वर सरकतो आणि 63 लिटर, 54 मीटरवर जाऊन बसतो. मी दोन्ही समीकरणं सोडवली आणि चेंबरमध्ये मोजलेली उंची कागदावर उतरली, तेव्हा रात्री उशिरा घरात मी एकटीच मोठ्यानं हसत होते.

मग थांबवेना. तिसरा पंप लावला तर? 67 लिटर. चौथा? साडेअडुसष्ट. तिसऱ्या पंपानं 4 लिटर, चौथ्यानं जेमतेम दीड! आणि शंभर पंप लावले, हजार लावले, अख्खा नदीकाठ पंपांनी भरून टाकला, तरी या पाइपमधून 70.7 लिटरच्या वर थेंब जाणार नाही. कारण त्या प्रवाहाला घर्षण आणि चढण मिळून बरोबर 60 मीटर होतात आणि कुठल्याच पंपाकडं 60 च्या वर द्यायला काही नाही. मुलांना मी मर्यादेची संकल्पना वर्षानुवर्षं शिकवते आहे. तिला हात लावून बघता येईल असं हे ठिकाण आमच्या शेतापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे.

घर्षणाच्या या वर्गाच्या नियमामागं फ्रान्समधला आंरी दार्सी उभा आहे. दिजाँ गावाला झऱ्याचं पाणी नळानं आणणारा हा इंजिनिअर. गावासाठी पाणी आणून तो थांबला नाही. नळांमधून पाणी वाहताना दाब किती खर्च होतो हे त्यानं वेगवेगळ्या नळांवर प्रयोग करून मोजलं आणि 1857 साली छापलं. पुढच्याच वर्षी जानेवारीत तो गेला. जर्मनीत युलियुस वाइसबाखनं 1845 मध्ये मांडलेलं सूत्र आणि दार्सीची मोजमापं यांची नावं आता जोडीनंच घेतली जातात. त्या सूत्रात एक गोष्ट अशी दडलेली आहे की ती दिसली तेव्हा मी खुर्चीतून उठले: ठरावीक पाण्यासाठी घर्षण व्यासाच्या पाचव्या घातानं कमी होतं. पाचव्या!

आता याचा अर्थ बघा. आठ इंची पाइप काढून दहा इंची टाकली, म्हणजे व्यास सव्वापट केला, तर तेवढ्याच पाण्याला घर्षण जवळपास एक तृतीयांशावर येतं. मग एकच पंप चालवून किती पाणी? 61 लिटर! आठ इंचीवर दोन पंप चालवून 63 आणि दहा इंचीवर एक पंप चालवून 61. जे पाणी दुसरी मोटर आणून मिळवायचं, जवळपास तेच नुसती पाइप दोन इंचांनी रुंद करून मिळतं, आणि तेही कायमचं. वर त्या दहा इंचीवर दुसरा पंप लावलाच तर 93. पहिल्या पाइपवर कितीही पंप लावून न मिळणारा आकडा.

आणि वीज! एक पंप 50 लिटर 45 मीटरवर चढवतो तेव्हा पाण्याला मिळणारी ताकद साधारण 22 किलोवॅट. आठ इंचीवर दोन पंप 63 लिटर 54 मीटरच्या दाबानं ढकलतात तेव्हा ती होते साडेतेहतीस. पाणी सव्वापट, ताकद दीडपट. दहा इंचीवर एक पंप 61 लिटर देतो तो साडेबावीसमध्ये. मोटरीतलं आणि पंपातलं नुकसान यावर वेगळं. मला इथं आमच्या बैठकांमधली भांडणं आठवतात. युनिट का वाढले, कोण चोरून चालवतं, मीटर बरोबर आहे का. त्या युनिटांतला मोठा भाग दीड किलोमीटर पाइपच्या आतल्या भिंतीवर घासून जातो आहे, आणि त्याकडं बोट दाखवणारा एक वक्र एका कागदावर मावतो.

एवढं सगळं घेऊन मी पुन्हा पंपघरात गेले. ऑपरेटरनं कागद नीट बघितला. वक्र त्याच्या ओळखीचे नव्हते, पण त्यांचं वागणं त्याला पाठ होतं. छेदनबिंदू दाखवला की तो म्हणायचा, "हां, म्हणूनच." मग त्यानं मला उलटी गोष्ट सांगितली, जी माझ्या कागदात होती पण मला दिसली नव्हती. दोन मोटरी चालू असताना एक बंद पडली, की उरलेलीवर लक्ष ठेवावं लागतं. तिचा काटा चढतो आणि ती तापते. बरोबर! जोडीदार गेला की पाइपमधला प्रवाह कमी होतो, घर्षण उतरतं, समोरचा विरोध कमी होतो आणि एकटा पंप साडेएकतीसवरून 50 वर धावतो. पाणी जास्त म्हणजे मोटरीवर भार जास्त. पाइप आणखी मोकळी असेल तर तो आपल्या नेमल्या कामाच्या पलीकडं धावेल, मोटर ओव्हरलोड होईल, आणि ओढीच्या बाजूला दाब इतका पडेल की इंपेलरजवळ पाण्याला बुडबुडे फुटतील. तो आवाज आत खडी टाकून फिरवल्यासारखा येतो. इंजिनिअर त्याला कॅव्हिटेशन म्हणतात. ऑपरेटर म्हणाला, "असा आवाज आला की मी व्हॉल्व्ह थोडा आवळतो." व्हॉल्व्ह आवळून तो पाइपलाइनचा वक्र उभा करतो आणि छेदनबिंदू मागं खेचतो. एक अक्षर न लिहिता तो वर्षानुवर्षं हे गणित हातानं सोडवत आला आहे. मला त्याचा फार आदर वाटला आणि तो मी तिथंच बोलून दाखवला.

तिसरी गोष्ट जुन्या पंपाची. अनेक स्कीममध्ये कोपऱ्यात एक जुना, कमी दाबाचा पंप असतो आणि टंचाईत तोही लावला जातो. समजा त्याची मजल व्हॉल्व्ह बंद असताना 50 मीटर आहे. दोन नवे पंप मिळून सामाईक पाइपमध्ये 54 मीटर दाब धरून बसलेत. जुना पंप चालू केला, मोटर फिरली, वीज खर्च झाली, पण त्याचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडायलाच तयार नाही, कारण पलीकडचा दाब जास्त आहे. एक थेंबही पुढं जात नाही. तेच पाणी आतल्या आत घुसळून तापत राहतं. आणि नॉन-रिटर्न खराब असेल तर आणखी वाईट: नव्या पंपांनी चढवलेलं पाणी जुन्यातून परत नदीत. समांतर लावायचे पंप एका जातीचे, निदान बंद दाबाला एकमेकांच्या जवळचे हवेत, हे इंजिनिअरांच्या पुस्तकात कुठं तरी कोरडेपणानं लिहिलेलं असणार. दोन वक्र शेजारी काढून बघा, आपोआप दिसतं.

मग समांतर पंप लावूच नयेत का? छे! इथंच तर मला आणखी मजा आली. समजा नदीचा काठ उंच आणि उभा आहे, चढण 43 मीटर, पाइप आखूड आणि ऐसपैस, 50 लिटरला घर्षण फक्त 2 मीटर. पंप तोच. एकटा चालवला तर इथंही बरोबर 50 लिटर आणि 45 मीटर. पंपघरात उभं राहून दोन्ही ठिकाणांत फरक सांगता येणार नाही. दुसरा पंप चालू करा: 86 लिटर! आमच्याकडं 13 लिटर वाढले, तिथं 36. तोच पंप, तोच दाब, तोच प्रवाह, आणि दुसऱ्या पंपाचं फळ जवळपास तिप्पट. सगळा फरक त्या 45 मीटरमध्ये चढण किती आणि घासणं किती यात. चढणीचा दाब प्रवाहानं वाढत नाही, घर्षणाचा वाढतो. म्हणून कुणी विचारलं की आमच्याकडं दुसरा पंप लावावा का, तर माझा पहिला प्रश्न आता एकच असतो. एक पंप चालू असताना डिलिव्हरीच्या प्रेशर गेजवर किती आहे आणि पंप बंद करून पाइप भरलेली ठेवली की त्याच गेजवर किती राहतं? दोहोंतला फरक म्हणजे घर्षण. तो मोठा असेल तर मोटरीचे पैसे पाइपकडं वळवा.

घर्षणाच्या पाइपवर दोन पंप एकामागं एक, म्हणजे पहिल्याचं पाणी दुसऱ्याच्या तोंडात, असे जोडले तर काय होतं तेही काढून बघितलं. 70.7 लिटर! समांतर कितीही पंप लावून जी मर्यादा गाठता येत नव्हती, ती मालिकेत दोनच पंप गाठतात, कारण तिथं दाबांची बेरीज होते. अर्थात हे आमच्या आकड्यांचं फळ आहे, आणि ते वापरण्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात: व्हॉल्व्ह बंद झाला तर पाइपवर 120 मीटरचा दाब येईल, तो तिला झेपेल का, आणि प्रत्येक पंप 70 लिटरवर धावताना मोटर पुरेल का. तरीही, बैठकीत "जोडा" हा शब्द आला की कसं जोडायचं हे विचारायला हवं, हे मला यातून कळलं.

टेंभू, ताकारी, म्हैसाळ या मोठ्या योजनांच्या बातम्या आमच्याकडं रोज वाचल्या जातात. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं चढवत दुष्काळी तालुक्यांपर्यंत नेणाऱ्या या योजना. कुठल्या टप्प्यावर किती पंप सुरू झाले याची बातमी आली की आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडच्या लोकांचा जीव भांड्यात पडतो. मीही ती वाचते, पण आता पंपांचा आकडा वाचून झाला की मला पुढचं जाणून घ्यायचं असतं: हे पंप किती दाबनलिकांमध्ये सोडलेत, एका नलिकेवर किती पंप येतात, नलिकेचा व्यास किती. ते कळल्याशिवाय पंपांच्या आकड्यावरून पाण्याचा आकडा काढता येत नाही. आणि टप्पे का, हेही आता कळतं. प्रत्येक टप्प्यावर पाणी उघड्यावर येतं, दाबाचा हिशेब शून्यावर येतो आणि पुढच्या पंपांना नव्यानं चढण मिळते.

सध्या माझ्या कागदावर नदी हलते आहे. आमची 30 मीटरची चढण मे महिन्यातली, पाणी तळाला असतानाची. पावसाळा सरता सरता नदी पाच मीटर वर असली तर चढण 25 मीटर होते आणि पाइपलाइनचा सगळा वक्र पाच मीटर खाली सरकतो. मग एक पंप 54 लिटर देतो आणि दोन मिळून 68. उन्हाळ्यात दोन मोटरींना जेवढं पाणी येतं त्यापेक्षा पाच लिटर जास्त, फक्त नदीच्या पातळीमुळं. ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणाला, दिवाळीच्या आसपास पाळी लवकर संपते, पाटकऱ्यालाही ठाऊक आहे. आता नॉचची उंची आणि जॅकवेलमधली पातळी रोज एकाच वहीत लिहायची असं आमचं ठरलं आहे. खाली तो लिहील, वर चेंबरवर पाटकरी लिहील, आणि दिवाळीपर्यंत माझ्याकडं एका वक्राऐवजी वक्रांचा अख्खा गठ्ठा असेल. नवी पाइप दहा इंची घ्यायची की बारा, हे बैठकीत त्यावरूनच ठरवू या, असं मी स्कीमच्या अध्यक्षांना सांगून आले आहे.